ट्रेकची सॅक: पाठीला सोसेल अशी कशी निवडाल?

दुकानात रिकामी सॅक कोणालाही हलकीच वाटते. ती आपल्याला सोसते की नाही, हे वजन भरून चढ चढल्यावरच कळते. म्हणून सॅक घेतल्यावर थेट मोठ्या ट्रेकला न जाता आधी तिची चाचणी घ्या.

भार खांद्यावर नको, कमरेवर हवा

खांद्याच्या पट्ट्या घट्ट बसल्या की मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब येतो. त्यामुळे हाताला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, क्वचित हात वर उचलताना ताकद कमी पडते. हा त्रास बरेचदा फारसे न दुखता सुरू होतो, म्हणून दुर्लक्षित राहतो. जाड कंबरपट्टा असलेली सॅक घेतल्यास बराचसा भार कमरेच्या हाडांवर जातो.

माप कसे घ्यावे?

मान पुढे वाकवा. मानेच्या तळाशी एक मणका ठळकपणे हाताला लागतो. तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंतचे अंतर टेपने मोजून घ्या. सॅक या मापाची हवी. केवळ उंचीवरून निवडू नका.

किती वजन न्यावे?

एका दिवसाच्या ट्रेकला शरीराच्या वजनाच्या साधारण १० टक्के आणि मुक्कामी ट्रेकला फार तर २० टक्के. तुमचे वजन ६० किलो असेल तर अनुक्रमे ६ आणि १२ किलो. ३ लिटर पाणी म्हणजेच ३ किलो झाले, हे विसरू नका. जड वस्तू पाठीलगत, मध्यभागी ठेवा.

चाचणी कशी घ्यावी?

१. सॅक पूर्ण भरा. आधी कंबरपट्टा आवळा, मग खांद्याच्या पट्ट्या, शेवटी छातीची पट्टी.

२. घरात २० मिनिटे चाला. खांद्याच्या पट्टीखाली बोटे सहज सरकली पाहिजेत.

३. त्यानंतर खरा चढ चढा. औंधच्या आसपास राहत असाल तर यमाई देवीच्या डोंगराच्या पायऱ्या यासाठी उत्तम. आधी निम्मे वजन घेऊन चढा, त्रास झाला नाही तर पुढच्या वेळी पूर्ण वजन घ्या. उतरतानाही लक्ष द्या. गुडघ्यांवर जास्त ताण तेव्हाच येतो.

४. घरी आल्यावर खांदे आणि कंबर पाहा. लाल वळ, सोलवटलेली त्वचा किंवा हाताला मुंग्या असतील तर पट्ट्या पुन्हा जुळवा, वजन कमी करा.

ही खबरदारी वासोट्यासारख्या ठिकाणी विशेष गरजेची आहे. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडल्यावर कोयना अभयारण्यातल्या जंगलातून चढायचे असते. तिथे हात बधिर झाला किंवा पाठ धरली, तर लगेच दवाखाना गाठता येत नाही.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- हाताचा बधिरपणा सॅक उतरवल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत राहिल्यास, किंवा हातातली ताकद कमी झाल्यास.
- पाठदुखीची कळ पायात उतरत असल्यास.
- लघवी-शौचावरचा ताबा गेल्यास किंवा जांघेत बधिरपणा आल्यास, त्याच दिवशी रुग्णालयात जा.
- चढताना छातीत दाब, दम किंवा डाव्या हातात कळ आल्यास तो सॅकचा त्रास समजू नका. लगेच थांबा, सॅक उतरवा आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्या.

मणक्याचा आजार, हाडांचा ठिसूळपणा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर वजन उचलण्याआधीच डॉक्टरांना विचारा.