गर्भिणी, गर्भ आणि प्रतिजैविके

आईने घेतलेले औषध वारेपाशीच अडते, पलीकडे गर्भापर्यंत त्याचा शिरकाव होत नाही, हा समज एके काळी वैद्यकातील जाणकारांतही इतका रूढ होता की, थॅलिडोमाइड नावाच्या झोपेच्या औषधाने हजारो अर्भके हातापायांनी अधू जन्मास आली आणि १९६१ साली पश्चिम जर्मनीत त्याची विक्री थांबवावी लागली, तेव्हा कुठे तो हद्दपार झाला. हे औषध प्रतिजैविक नव्हे. परंतु त्याने बसलेला धाक साऱ्याच औषधांच्या वाट्याला आला, आणि दिवस गेलेल्या सुनेच्या हाती गोळ्यांची पट्टी दिसली की सासूबाईंच्या कपाळाला आजही आठी पडते.

ती आठी सर्वस्वी अनाठायी नाही. टेट्रासायक्लीनचेच पाहा. या औषधाचे कॅल्शियमशी विलक्षण सख्य आहे. गर्भाच्या दुधाच्या दातांत चौथ्या महिन्याच्या सुमारास कॅल्शियम भरू लागते, आणि त्यानंतर आईने ते घेतले तर कॅल्शियमच्या संगतीने ते हाडांत शिरते व दातांत कायमचे ठाण मांडते. मग मुलाचे दात उगवतात तेच पिवळट, आणि उजेड लागून पुढे तपकिरी होत जातात. स्ट्रेप्टोमायसिनने गर्भाच्या श्रवणेंद्रियास इजा पोहोचते, म्हणून क्षयी गर्भिणीच्या उपचारातून ते वगळतात. क्षयावरची इतर प्रमुख औषधे मात्र चालू ठेवतात. ट्रायमेथोप्रिम फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणते, सबब पहिले तीन महिने ते टाळणे इष्ट.

परंतु रोगही वारेपाशी थांबत नाही, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. गर्भारपणी मूत्रवाहिन्या शिथिल होऊन लघवी तुंबते, व कोणतीही तक्रार नसताना शंभरांतील दोन ते दहा स्त्रियांच्या लघवीत जंतू आढळतात. उपचार न झाल्यास त्यांतील पाव हिश्शाच्या आसपास स्त्रियांच्या मूत्रपिंडापर्यंत ते पोहोचतात, आणि मग तीव्र ताप व अकाली प्रसूती यांची जोखीम बाळाच्याच माथी येते. अशा वेळी अॅमॉक्सिसिलिन वा सेफॅलेक्सिन यांसारखी, दशकानुदशके गर्भिणींना दिली गेलेली औषधे नाकारणे म्हणजे खबरदारी नव्हे. उपदंशाच्या बाबतीत तर गर्भाच्या रक्षणासाठी पेनिसिलिनवाचून भरवशाचा पर्यायच नाही. स्त्रीला त्याचे वावडे असले, तरी रुग्णालयात अत्यल्प मात्रेपासून चढत जाऊन तिला ते सोसेल असे करतात व मगच पुरती मात्रा देतात.

निरुपद्रवी मानलेले औषधही गरजेवाचून दिले तर काय होते, याचा दाखला ब्रिटनमधील 'ओरॅकल' चाचणीत आहे. मुदतीपूर्वी कळा सुरू झालेल्या, परंतु पाणमोट शाबूत असलेल्या व संसर्गाचे चिन्ह नसलेल्या स्त्रियांना एरिथ्रोमायसिन वा को-अॅमॉक्सिक्लॅव देऊन लाभ झाला नाही, असे २००१ साली निष्पन्न झाले. आणि त्यांची मुले सात वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा औषध न दिलेल्यांच्या तुलनेत सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण त्यांच्यात अधिक आढळले.