घरांतील गोल्फ आणि गुंडाळता पडदा

गोल्फ हा स्कॉटलंडच्या समुद्रकांठच्या मोकळ्या कुरणांवर वाढलेला खेळ. अमेरिकेंतील पुष्कळ कुटुंबांनीं आतां तो मोटारीच्या गॅरेजांत आणून बसविला आहे. खेळाडू खराच चेंडू खऱ्याच काठीनें टोलवितो आणि तीन-साडेतीन मीटरांवरील पडद्यावर तो आदळतो. चेंडूचा आरंभीचा वेग, दिशा व फिरकी रडार किंवा कॅमेरा टिपतो. उरलेला प्रवास संगणक हिशेबानें ठरवितो, आणि प्रक्षेपक त्याच पडद्यावर तो चितारतो. परंतु गॅरेज मुळांत मोटारीचें! रात्रीं ती आंत यावयाची, म्हणून पडदा वर गुंडाळतां आला पाहिजे. जुन्या नाटकगृहांत हें काम दोऱ्या ओढून होई. येथें तें विजेची मोटर करते.

ही मोटर म्हणजेच सारी विद्या, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तोच भाग सर्वांत सोपा. पडदा ज्या पोकळ नळीवर गुंडाळतो तिच्याच पोटांत ही मोटर बसते. वर कोठें थांबावें आणि खालीं कोठें, हें एकदां ठरवून दिलें कीं झालें. मुलांनीं गंमत म्हणून पडदा सारखा वर-खालीं केला तर मोटर तापून आपली आपण बंद पडते व निवल्यावर पुन्हा चालते. ती बिघडली असें समजून कारागिराला बोलावण्याची घाई करूं नये.

खरी अडचण कापडाची. गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा; पण कसलेल्या खेळाडूच्या टोल्यानें तो ताशीं सुमारें २७० किलोमीटर वेगानें सुटतो. त्या क्षणीं त्याच्या अंगीं असलेली ऊर्जा ताशीं १४० किलोमीटर वेगाच्या क्रिकेटच्या चेंडूहून थोडी अधिकच भरते. कापड डफासारखें ताणलेलें असेल तर चेंडू तितक्याच उत्साहानें खेळाडूच्या अंगावर परततो. तें सैल सोडलें तर चेंडू निमूटपणें पायथ्याशीं पडतो, पण चित्रांत सुरकुत्या उमटतात. कायमच्या चौकटींत चारी कडांना लवचिक दोर बांधून हा तंटा मिटवितां येतो. गुंडाळत्या पडद्याला ती सोय नाहीं. तो केवळ वरून लोंबतो, आणि त्याला सरळ ठेवतें तें तळाचें वजन.

धोका नेमका या वजनांतच आहे. तळाच्या शिवणींत लोखंडी दांडी घातली आणि एखादा जमिनीलगतचा टोला तिच्यावर बसला, तर चेंडू कोठें उडेल याचा नेम नाहीं. दांडीऐवजीं साखळी ओवणें बरें. दांडीच हवी असेल तर तिच्यावर जाड फोमचें आवरण असावें. वरच्या नळीपुढेंही तशीच गादीची झालर हवी, कारण आंखूड पल्ल्याच्या काठीचा चेंडू सरळ आढ्याकडे झेपावतो. पडद्यामागें निदान ३० सेंटिमीटर जागा मोकळी असावी. नाहींतर कापड भिंतीला टेकतें आणि धक्का भिंतच खाते.

नळी पाणसळीनें तंतोतंत आडवी बसली नाहीं तर कापड गुंडाळतांना एका बाजूस सरकत जातें आणि कड फाटते. लांब व बारीक नळी मध्यें वांकते, आणि कापडावर तिरप्या वळ्या पडतात. म्हणून रुंद पडद्याला जाड नळी घ्यावी. अमेरिकन घरांत छताला बहुधा जिप्समच्या पातळ तक्त्या असतात. त्यांत खिळा मारून भागत नाहीं. आंतल्या लांकडी तुळया शोधून त्यांतच बोल्ट आवळावे लागतात. गॅरेजचा दरवाजाही रुळांवरून छताखालींच सरकतो. त्याची वाट आणि नळीची जागा यांचा मेळ आधींच घालावा लागतो.

मुंबई-पुण्याकडील सदनिकांत छत काँक्रीटचें असल्यामुळें बोल्टांची चिंता कमी; चिंता उंचीची. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणें राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर आहे. उंच माणसाची लांब काठी फिरावयाची तर सुमारें तीन मीटर हवेत. म्हणून छताला पहिलें भोंक पाडण्यापूर्वीं घरांतील सर्वांत उंच माणसानें तेथें उभें राहून काठी हळूहळू फिरवून पाहावी.

पडदा बसल्यावर पहिले टोले आंखूड काठीनें, हलक्या हातानें मारावे, आणि त्या वेळीं खेळाडूखेरीज कोणीही खोलींत नसावें. चेंडू पडद्याच्या पायथ्याशीं थांबला तर काम ठीक झालें. तो पुन्हा खेळाडूच्या पायांपाशीं आला तर तळाचें वजन कमी करून कापड थोडें ढिलें करावें, आणि मगच लांब काठी हातांत घ्यावी.