पॅशनफ्रूट लावलं, कृष्णकमळ उगवलं

मेलबर्नला घर घेतलं की परसात लिंबू आणि पॅशनफ्रूट लावायचंच, अशी इथली जवळजवळ रीतच. आम्हीही नर्सरीतून पॅशनफ्रूटचं कलम आणलं आणि भरपूर ऊन मिळणाऱ्या कुंपणावर चढवलं. (इथे ऊन उत्तरेकडून येतं, हे अंगवळणी पडायला आम्हाला दोन हिवाळे लागले!) शेजारच्या इटालियन आजींनी खड्ड्यात मेंढीचं लिव्हर पुरायला सांगितलं. ही इथली जुनी समजूत. आम्ही शाकाहारी माणसं, कोंबडीखतावर भागवलं. दीड वर्षानं फळं धरली आणि दोन-तीन उन्हाळे चंगळ झाली.

पुढे फळं कमी होत गेली, वेल मात्र दुप्पट फोफावली. डिसेंबरातल्या एका सकाळी, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईंची परसातून हाक आली, "अरे, बाहेर या! तुमच्याकडे कृष्णकमळ फुललंय!"

बघतो तर खरंच. आईंनी तिथेच शिकवणी घेतली. भोवतीची निळी-जांभळी झालर म्हणजे शंभर कौरव, आतले पाच केसर पांडव, वरची तीन टोकं ब्रह्मा-विष्णू-महेश. आम्ही तंतू मोजायला बसलो, दर वेळी आकडा वेगळा. "कौरव कुणी मोजतं का!" म्हणत आईंनी फूल देवापुढे ठेवलं.

कुंपणापलीकडून आजी बघत होत्या. फूल त्यांच्याही ओळखीचं, हिशेब तेवढा निराळा. झालर म्हणजे येशूचा काटेरी मुकुट, केसर पाच जखमा, तीन टोकं तीन खिळे. पॅशन म्हणजे येशूच्या यातना, त्यावरून हे नाव. मूळ वेल दक्षिण अमेरिकेतली, तिला ना कौरव ठाऊक ना खिळे! एवढं सांगून आजी म्हणाल्या, "आता उपटून टाका ती."

त्यांचं म्हणणं खरं होतं. पॅशनफ्रूटला मुळांतून मर रोग लागतो, थंडीही फारशी सोसत नाही. म्हणून इथे ते कृष्णकमळाच्या काटक खुंटावर बांधतात, कोकणात रायवळच्या कोयीवर हापूस बांधतात तसं. खुंटाला खालून फुटवे येतात. ते वेळीच काढले नाहीत तर वरचं कलम दबून जातं. आम्ही हौसेनं खुरपी चालवत होतो, तीच भोवली, कारण मुळं उथळ असतात आणि दुखावली की आणखी फुटवे येतात. ओळख सोपी आहे: पॅशनफ्रूटचं पान तीन बोटांचं, कृष्णकमळाचं बहुधा पाच. त्याची नारिंगी फळं बेचव, आणि पानं व कच्ची फळं विषारी, तेव्हा मुलांना जपा. पक्षी बिया नेतात आणि वेल रानात माजते. व्हिक्टोरियात ती तणच समजतात.

आईंना हे पटेना. "देवाला वाहिलेलं झाड उपटणार?" दोन दिवस घरात अबोला. शेवटी एक मुळाचा फुटवा मोठ्या कुंडीत लावला (आईंनी स्वतः माती भरली), बाकीचे कापून टोकांना तणनाशक लावलं. जुनं कलम काही वाचलं नाही. नवं दुसऱ्या जागी लावलं आणि आता त्याच्या बुंध्याशी खुरपी नेत नाही. कुंडीतल्या वेलीची फळं पिकायच्या आत तोडतो.

आई साताऱ्याला परतल्या. दर जन्माष्टमीला फोनवर पहिला प्रश्न, "फूल आलं का?" ऑगस्टात इथे हिवाळा, वेलीवर कळीसुद्धा नसते. डिसेंबरात फुललं की आम्ही फोटो पाठवतो. नव्या कलमाची फळं उन्हाळा सरता सरता गळतात. ती तोडायची नाहीत, पडलेली वेचायची, आणि साल थोडी सुरकुतली की जास्त गोड लागतात. उरलेला गर आम्ही बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो. श्रीखंडात दोन क्यूब घातले की मुलं वाटी चाटूनपुसून साफ करतात. आईंना मात्र अजूनही श्रीखंडात केशरच हवं.