देणगीच्या वाटेने बंदुकांपर्यंत

२६ मार्च २०१४ रोजी एफबीआयने सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या भागात एकाच वेळी छापे घातले. मथळे गाजले ते कॅलिफोर्नियाचे राज्य सिनेटर लेलँड यी यांच्या नावाने. बंदुकांवर कडक निर्बंध हवेत म्हणून झटणारे, त्यासाठी २००६ मध्ये ‘ब्रॅडी कॅम्पेन’ या बंदूक-नियंत्रणाच्या बाजूच्या संघटनेने गौरवलेले यी शस्त्रतस्करीच्या कटात आरोपी! पण एफबीआयचे १३७ पानी प्रतिज्ञापत्र वाचू लागले, की पानोपानी आणखी एक माणूस भेटतो. कीथ जॅक्सन: शहराच्या शाळा मंडळाचे माजी अध्यक्ष, राजकीय सल्लागार आणि यींसाठी निधी गोळा करणारे.

सापळा मुळात या दोघांसाठी लावलेलाच नव्हता. तपास सुरू होता चायनाटाउनमधल्या ‘ची कुंग टाँग’ या संघटनेचा म्होरक्या रेमंड चाऊ याचा. पूर्व किनाऱ्यावरचा माफिया असल्याची बतावणी करत एफबीआयचा एक अधिकारी त्याच्या गोटात शिरला होता. जॅक्सन याच संघटनेचे सल्लागार. २०११ मध्ये यी महापौरपदासाठी उभे होते. व्यक्तिगत देणगीची मर्यादा ५०० डॉलर असताना जॅक्सन यांनी या ‘माफिया’कडे ५,००० डॉलर मागितले, आणि तपासाला नवी दिशा मिळाली.

यी हरले. मागे उरले सुमारे ७०,००० डॉलरचे कर्ज.

ते फेडायचे होते आणि २०१४ ची पुढची निवडणूकही लढवायची होती. पद होते सेक्रेटरी ऑफ स्टेटचे, म्हणजे निवडणुका आणि प्रचारनिधीच्या नोंदी सांभाळणारे! चाऊच्या संघटनेला सिनेटचे गौरवपत्र मिळाले, त्याबदल्यात ६,८०० डॉलरची देणगी. दरम्यान, आरोपपत्रानुसार, जॅक्सन यांनी आपला मुलगा आणि एका साथीदारासह त्या अधिकाऱ्याला बंदुका विकल्या, सुपारी घेऊन खून करण्याचीही तयारी दाखवली. अधिकाऱ्याने मोठ्या खरेदीची इच्छा दर्शवली, तेव्हा जॅक्सन यांनी यींनाही त्या व्यवहारात आणले. फिलिपिन्समधून स्वयंचलित बंदुका, खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रे आणण्याची बोलणी झाली. आकडा २५ लाख डॉलरपर्यंत गेला.

तिथून एकही शस्त्र आले नाही. पण कटाच्या गुन्ह्याला माल पोहोचावा लागत नाही.

अटकेनंतर दोनच दिवसांत सिनेटने २८ विरुद्ध १ मतांनी यींना निलंबित केले. उमेदवारी मागे घेतली तरी मतपत्रिकेवर नाव राहिले, आणि जूनमध्ये त्यांना पावणेचार लाखांहून अधिक मते पडली! १ जुलै २०१५ रोजी यी आणि जॅक्सन यांनी संघटित गुन्हेगारीच्या कटाचा आरोप कबूल केला. त्यांच्यापुरता खटला ज्युरीसमोर गेलाच नाही. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांनी यींना पाच वर्षांची, तर जॅक्सन यांना नऊ वर्षांची शिक्षा सुनावली. दलालाला नेत्याहून जवळपास दुप्पट. यींनी मुख्यतः पदाचे वजन विकले होते. जॅक्सन यांच्या खात्यावर प्रत्यक्ष विकलेल्या बंदुकाही होत्या. मुलालाही तुरुंगवास झाला. चाऊने मात्र खटला लढवला, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

निलंबनाच्या काळात यींना पगार मात्र मिळत राहिला. मतदारांना तेच जास्त झोंबले. जून २०१६ मध्ये त्यांनी ‘प्रपोझिशन ५०’ हा जनमताचा प्रस्ताव मंजूर करून निलंबित आमदाराचे वेतन रोखण्याचा अधिकार विधिमंडळाला दिला.