दीड महिन्याच्या डोसाला आईलाही विचारा

बाळ दीड महिन्याचं झालं की आई त्याला डोस द्यायला आरोग्य केंद्रात घेऊन येते. नर्सबाई बाळाचं वजन करतात, कार्डावर तारीख लिहितात, ताप आला तर काय करायचं ते समजावतात. त्याच बाकावर बसलेली एखादी आई गेले कित्येक दिवस धड जेवलेली नसते. बाळ झोपलं तरी तिचा डोळा लागत नाही. लाडक्या लेकराकडे बघून काहीच वाटत नाही म्हणून ती मनातल्या मनात स्वतःला दोष देत असते. हे ती कुणाला सांगत नाही, कारण एवढं सगळं चांगलं झालेलं असताना रडणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील, हे तिला ठाऊक असतं.

या आजाराला प्रसूतीनंतरचं नैराश्य म्हणतात. तो किती जणींना होतो, कुणाला होण्याची शक्यता जास्त असते आणि घरच्यांच्या हातात काय असतं, हे क्रमाने पाहू.

बाळंतिणीचं रडणं तीन प्रकारचं

पहिला प्रकार अगदी सर्रास आढळतो. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बाईला उगाच भरून येतं, चिडचिड होते, लहानशा बोलण्याने डोळे वाहू लागतात. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना हे होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ते सर्वांत जास्त असतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही, विश्रांती आणि मायेचं माणूस पुरतं.

दुसरा प्रकार म्हणजे नैराश्य. उदासी दोन आठवडे उलटूनही जात नाही, उलट वाढत जाते. कशातच गोडी राहत नाही, भूक आणि झोप बिघडते, अंगात त्राण उरत नाही, 'मी वाईट आई आहे' हा विचार पाठ सोडत नाही. काही जणींना उदासीपेक्षा धास्तीच अधिक वाटते. बाळाचा श्वास चालू आहे ना, हे त्या रात्रभर उठून बघत राहतात. याची सुरुवात पहिल्या काही आठवड्यांत होऊ शकते, तशीच वर्षभरात केव्हाही होऊ शकते.

तिसरा प्रकार दुर्मीळ असतो, हजार बाळंतिणींमध्ये एक-दोघींना होणारा, पण अतिशय गंभीर. बाई अचानक असंबद्ध बोलू लागते, तिला आवाज ऐकू येतात, विचित्र संशय येतात. अनेक घरांत अशा वेळी 'बाहेरचं लागलं' म्हणून अंगारे-धुपारे सुरू होतात आणि मोलाचे दिवस वाया जातात. ही तातडीची वैद्यकीय अवस्था असते. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं.

पाच जणींत एक

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे 13 टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. विकसनशील देशांत हे प्रमाण 19.8 टक्के आहे. भारतातल्या 38 अभ्यासांची, म्हणजे वीस हजारांवर मातांची माहिती एकत्र करून 2017 मध्ये काढलेला आकडा 22 टक्के होता.

हे आकडे थोडे जपून वाचायला हवेत. बहुतेक अभ्यासांत प्रश्नावली वापरतात. प्रश्नावलीत अधिक गुण मिळणं म्हणजे आजाराची शंका असते, निदान डॉक्टरांनी तपासल्यावरच होतं. मोजणी कुठे केली यानेही फरक पडतो. त्याच भारतीय संकलनात रुग्णालयांतल्या अभ्यासांमध्ये प्रमाण 23 टक्के आलं, तर वस्ती-गावांत जाऊन केलेल्यांमध्ये 17 टक्के. तरीही आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळं जन्मतात. त्यांतल्या पाचातल्या एका आईचा हिशोब धरला, तर ही संख्या चाळीस लाखांपलीकडे जाते.

गोव्यातल्या मातांनी काय सांगितलं

नैराश्य कुणाला गाठतं, हे समजून घ्यायला गोव्यातला एक अभ्यास फार उपयोगी आहे. तो डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केला. एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या 270 गरोदर स्त्रियांशी ते शेवटच्या तिमाहीत बोलले, मग बाळ सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर आणि पुन्हा सहाव्या महिन्यात. सहा ते आठ आठवड्यांच्या टप्प्यावर 59 जणींना, म्हणजे तेव्हा पुन्हा भेटलेल्यांपैकी 23 टक्के मातांना नैराश्य होतं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहाव्या महिन्यातही आजारीच होत्या.

या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. नैराश्य आलेल्यांपैकी 78 टक्के जणी गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. ज्याला आपण बाळंतपणानंतरचा आजार म्हणतो, तो बहुतेकींच्या बाबतीत डोहाळजेवणाच्या वेळीच घरात शिरलेला असतो. तेव्हा कुणी नीट विचारलं असतं, तर तो तेव्हाच कळला असता.

धोका वाढवणाऱ्या गोष्टीही या अभ्यासात स्पष्ट दिसल्या: आर्थिक ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध. यांमुळे नैराश्य येत होतं आणि आलेलं लांबतही होतं. त्यात मुलगी झाली की मार आणि उपासमार यांचा मनावरचा परिणाम बदलत होता. केवळ मुलीच्या जन्माने आई खचते असं नाही. ज्या घरात मुलगाच हवा असतो, तिथे आधीच त्रासात असलेल्या बाईचा उरलासुरला आधार त्या दिवशी सुटतो.

धोका कुठून येतो

शरीराचा वाटा खरा आहे. वार पडल्यानंतर काही दिवसांतच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी झपाट्याने घसरते. हे प्रत्येक बाळंतिणीच्या बाबतीत घडतं, पण काहींचं मन या बदलाला जास्त संवेदनशील असतं. त्यावर रात्रीची जागरणं येतात. काही जणींची थायरॉईड ग्रंथी बाळंतपणानंतर बिघडते, काहींच्या अंगात रक्त कमी असतं. थकवा आणि उदासी या दोन्हींतूनही येऊ शकते, म्हणून रक्त तपासणं गरजेचं असतं.

पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलं असेल, विशेषतः आधीच्या बाळंतपणात, तर धोका बराच वाढतो. नको असताना राहिलेला गर्भ, आधी गेलेलं मूल, दिवस पुरे होण्याआधी जन्मून काचपेटीत ठेवलेलं बाळ, कोवळ्या वयातलं बाळंतपण, घरातली मारहाण, नवऱ्याचा आधार नसणं, या सगळ्याने ओझं वाढत जातं. यांतलं एखादं कारण असलं म्हणजे नैराश्य येईलच असं नाही. काहीही नसताना ते येऊही शकतं. पण एकीच्याच वाट्याला दोन-तीन गोष्टी आल्या असतील, तर तिच्याकडे अधिक लक्ष हवं.

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला माहेरी नेण्याची, बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची रीत आहे. शेक-शेगडी, अंगाला तेल, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, आयतं ताट यांतून तिला विश्रांती मिळते आणि हक्काचं माणूस जवळ असतं. पण ज्या बाईला माहेरच उरलेलं नाही, जी ऊसतोडीच्या फडावर बाळंत होते किंवा परगावी भाड्याच्या खोलीत एकटी असते, तिच्या वाट्याला यातलं काही येत नाही. आणि माहेरी गेलेलीही सव्वा महिन्यानंतर परतते, तेव्हा जपणूक अचानक संपते आणि घरकाम लगेच सुरू होतं.

ओळखणं आणि मदत

या नैराश्याची चाचणी घ्यायला यंत्र लागत नाही. 1987 मध्ये तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात दहा प्रश्न आहेत, सगळे गेल्या सात दिवसांबद्दलचे: हसू येतं का, विनाकारण स्वतःला दोष देता का, धास्ती वाटते का, स्वतःला इजा करण्याचा विचार येतो का. उत्तरं द्यायला पाच-दहा मिनिटं लागतात. गुण ठरावीक मर्यादेपुढे गेले की पुढची तपासणी करायची. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तर एकूण गुण कितीही असोत, तिला एकटं सोडायचं नाही.

उपचारांनी हा आजार बरा होतो. सौम्य नैराश्यात समुपदेशन आणि घरचा आधार बऱ्याचदा पुरतो, तीव्र असेल तर औषधं लागतात. अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधंही आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करायची आणि मनाने बंद करायची नाहीत. गोव्यातच पुढे एक प्रयोग झाला. वस्तीतल्याच साध्या बायकांना प्रशिक्षण देऊन 'सखी' नेमलं गेलं. त्या नैराश्यात असलेल्या गरोदर स्त्रियांच्या घरी जाऊन बोलत राहिल्या, बाळंतपणानंतरही. अशा भेटी मिळालेल्या स्त्रिया सहा महिन्यांनी अधिक प्रमाणात नैराश्यातून बाहेर आलेल्या होत्या.

आईच्या मनाचा परिणाम बाळावरही होतो. गोव्यातल्याच पाहणीत नैराश्य असलेल्या मातांची बाळं सहाव्या महिन्यात वजनाने आणि लांबीने मागे पडलेली आढळली. म्हणून बाळाच्या वजनाची नोंद करताना आईची विचारपूस करणं हा त्याच कामाचा भाग आहे.

तुमच्या घरात लेक, सून, बहीण किंवा बायको गरोदर असेल, तर सातव्या महिन्यातच तिच्याजवळ निवांत बसा आणि झोप लागते का, कशाची भीती वाटते का, हे विचारा. बाळ झाल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा आणि दीड महिन्याच्या डोसाला तिसऱ्यांदा. उत्तर ऐकताना 'सगळ्याच बायका बाळंत होतात' हे वाक्य तोंडावर येऊ देऊ नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ ती उदास असेल, तर आशाताईंना, डॉक्टरांना सांगा किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 या क्रमांकावर फोन लावा. रात्री एक वेळ बाळाला तुम्ही सांभाळा आणि तिला सलग चार तास झोपू द्या. हे आज रात्रीपासून करता येतं.