सत्तर टक्के नागली, आणि उरलेले तीस

दुधात किंवा पाण्यात ढवळून प्यायच्या पौष्टिक भुकटीवर कर किती, हा प्रश्न हिशेबनिसाचा वाटतो; पण वाद पेटला की तो प्रयोगशाळेच्या दारात जातो. करसूचीतले १९०१ हे शीर्षक पीठ, स्टार्च किंवा माल्टच्या अर्कापासून केलेल्या खाद्यपदार्थांचे आहे. त्यात कोको चालतो, मात्र वजनाने ४० टक्क्यांहून कमी. भुकटीचा पाया दुधाचा असेल तर हीच मर्यादा ५ टक्क्यांवर येते, आणि ती ओलांडली की पदार्थ १८०६ मध्ये, चॉकलेटच्या रांगेत बसतो. हे टक्के कोकोतली सगळी चरबी वजा करून काढायचे, कारण एका कोको पावडरीत चरबी १० टक्के असते तर दुसरीत २२. इतकी बारीक मोजदाद करणारी ही सूची पोषणाबद्दल मात्र एक अक्षर बोलत नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्यातून पाहिले की हे मौन खटकते.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी जीएसटी परिषदेच्या ५२व्या बैठकीत भरडधान्याच्या पिठापासून केलेल्या भुकटीला सवलत मिळाली. वजनाने किमान ७० टक्के भरडधान्य असेल तर सुट्या विक्रीवर कर शून्य, लेबल लावलेल्या पाकिटावर ५ टक्के. १९०१ मधल्या इतर भुकट्यांवर तेव्हा १८ टक्के होता. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा भागात डोंगरउतारावर नागली पिकते आणि १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. म्हणून हा निर्णय सातपुड्याच्या सोयीचा वाटावा. पण उरलेल्या ३० टक्क्यांत काय असावे, हे सूची विचारत नाही. ७० टक्के नागली आणि ३० टक्के साखर अशी भुकटी केली तर १०० ग्रॅममध्ये प्रथिने जेमतेम ५ ग्रॅम येतात, आणि ती सवलतीला पात्र ठरते. ६० टक्के नागली, २५ टक्के मूगडाळ आणि १५ टक्के शेंगदाणे घेतले तर प्रथिने १४ ग्रॅमच्या आसपास जातात, शिवाय धान्यात कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल डाळ भरून काढते. ही भुकटी ७०च्या रेषेखाली राहते. ज्या जिल्ह्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची आहेत, तिथे साखरेच्या भुकटीला मान आणि डाळीच्या भुकटीला दंड, असा हा न्याय झाला.

वजनाला प्रक्रियाही दिसत नाही. नागलीला मोड आणले की दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते. साध्या पिठाची पेज शिजताना घट्ट होते. मग ती पातळ करायला पाणी घालावे लागते आणि लहान मुलाचे इवलेसे पोट पाण्यानेच भरते. मोडाच्या पिठाने तीच पेज पातळ राहते, त्यामुळे एका वाटीत जास्त पीठ, म्हणजे जास्त ऊर्जा मावते. नंदुरबारपासून फार दूर नसलेल्या बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात अशा अमायलेजयुक्त पिठावर महत्त्वाचे काम केले. करसूचीला मात्र मोडाची नागली आणि साधी नागली एकच.

यावर करखात्याची बाजू हलकी नाही. कायद्याला मोजता येणारी रेषा लागते, नाहीतर जो तो पाकिटावर ‘पौष्टिक’ छापून सवलत मागेल. नुसता विक्रेत्याचा दावा चालत नाही, हे नागपूरच्या बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाने दाखवलेच आहे. कंपनी त्याला आयुर्वेदिक औषध म्हणत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लोक त्याकडे कसे पाहतात ते विचारात घेतले आणि औषधाचा दावा फेटाळला. पण ७० टक्क्यांची रेषा तरी मोजता येते का? शिजवून वाळवलेल्या पिठात स्टार्चचे कण फुगून आकार गमावतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली नागली आणि तांदूळ वेगळे करून टक्के काढणे अवघड होते. शेवटी अधिकारी कारखान्याच्या नोंदवहीवरच विसंबतो. प्रथिने तरी १८८३ पासूनच्या केल्डाल पद्धतीने, नायट्रोजन मोजून काढता येतात. तीही फसवता येते. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळून तेच केले गेले. भेसळ पकडण्यासाठी वेगळी चाचणी लागते, हे मान्यच.

दुसरा आक्षेप असा, की २२ सप्टेंबर २०२५ पासून १९०१ आणि १८०६ यांतल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर ५ टक्केच कर आहे, मग वाद कशाला? दर उतरले हे चांगलेच झाले, पण आधीच्या विक्रीचा हिशेब जुन्याच दराने होतो. शिवाय दुर्बल घटकांना सरकारी योजनेतून फुकट वाटायच्या पाकीटबंद अन्नावर २०१७ पासूनच ५ टक्के कर आहे. तिथे घटकांचे टक्के कोणी विचारत नाही. अन्न कोणासाठी, याचे उपसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र लागते. म्हणजे वजनापलीकडची कसोटी करकायद्याला परकी नाही. ४० लाखांखालच्या उलाढालीच्या बचत गटाला नोंदणीच लागत नाही, त्यामुळे ही रेषा त्याला आज टोचणार नाही. मोठे झाल्यावर सुट्या विक्रीत टोचेल, तिथे शून्य आणि ५ टक्क्यांचा फरक अजून आहे. तेव्हा सवलतीची अट भरडधान्याच्या वजनाऐवजी दर १०० ग्रॅममधल्या किमान प्रथिनांवर आणि कमाल वाढीव साखरेवर बांधता येईल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबल नियमांप्रमाणे हे दोन्ही आकडे पाकिटावर छापावेच लागतात.