लिंडो मॉसचा माणूस: बळी की खून?



लेकीला शाळेत अ‍ॅझ्टेक लोकांवर प्रोजेक्ट आहे. नरबळीचं वाचून तिने विचारलं, "बाबा, ते खरंच असं करायचे हे कशावरून?" उत्तर शोधताना मी मेक्सिकोआधी चेशायरला पोचलो.

१ ऑगस्ट १९८४ ला विल्म्स्लोजवळच्या लिंडो मॉस या दलदलीत पीट काढणाऱ्या कामगारांना माणसाचा पाय सापडला, नंतर वरचं शरीर. पीटमुळे कातडी, दाढी, नखं शाबूत. वय पंचविशीचं, काळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. डोक्यावर घाव, गळ्याभोवती आवळलेली दोरी, गळा चिरलेला. पोटात मिसलटोचे परागकण, आणि मिसलटो तर ड्रुइड पुजाऱ्यांची पवित्र वनस्पती. झालं, नरबळी ठरला!

पण रॉबर्ट कॉनोली यांच्या मते ती दोरी साधा गळ्यातला दागिना असेल, शरीर फुगल्यावर रुतलेला. परागकण तर चारच. शिवाय ड्रुइडांच्या नरबळींचं वर्णन लिहिणारा सीझर त्यांचा शत्रूच होता!

त्याच दलदलीत १९८३ मध्ये एक कवटी सापडली होती. ती आपल्या बायकोचीच असं समजून एका माणसाने तिच्या खुनाची कबुली दिली. कवटी निघाली रोमन काळातली! कबुलीवरून त्याला शिक्षा मात्र झाली.

मेक्सिकोत पुरावा जास्त भक्कम आहे. मेक्सिको सिटीत मुख्य मंदिराजवळ २०१५ मध्ये कवट्यांचा मनोरा सापडला. २०२० पर्यंत ६०३ कवट्या मोजल्या, त्यात बायका-मुलांच्याही. कवट्या दांड्यात ओवायला दोन्ही बाजूंना भोकं पाडायचे. एका मढ्यावरून प्रथा सिद्ध होत नाही, पण तेच काम शेकडो वेळा दिसलं की नाकारता येत नाही. तरी स्पॅनिश सैनिक तापियाने सांगितलेला १,३६,००० कवट्यांचा आकडा फार दूर राहतो. जिंकणाऱ्याला असे आकडे सोयीचेच.

आणि आपल्याकडे? पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा आठवा. बुरूज टिकेना म्हणून बहिरनाक सोननाकांचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना पायात जिवंत गाडलं म्हणतात. इथे हाडं नाहीत, फक्त गोष्ट. पण त्यात नावं आहेत, म्हणून ती हसण्यावारी नेववत नाही.

लेकीला म्हटलं, प्रोजेक्टमध्ये दोन रकाने कर: काय सापडलं, आणि कोण काय म्हणालं. खोटा आळ नको, आणि खरंच मारलेल्यांवर पडदाही नको.

मँचेस्टरकडच्या कोणी लिंडो मॉस पाहिलंय का? जरूर लिहा.